रोपाआधी करार : खासगी जमिनीवरच्या गाववनांचा आढावा

छत्तीसगडच्या क्षेत्रफळापैकी सुमारे ४४ टक्के भाग जंगलाखाली आहे. आकडा खरा आहे, पण ते जंगल दक्षिणेला बस्तरात, उत्तरेला सरगुजात आणि पश्चिमेला मैकलच्या रांगेत आहे. रायपूरच्या शंकर नगरातून निघून आरंग, अभनपूर किंवा तिल्द्याच्या रस्त्याला लागले की दोन्ही बाजूंना दिसते ते धान. महानदी आणि शिवनाथ यांच्यामधल्या या मैदानात नवे जंगल उभे करायचे, तर वनखात्याकडे त्यासाठी फारशी जमीन नाही. जमीन आहे ती शेतकऱ्यांकडे, गावाच्या सामाईक चराईत, आणि शहरात राहून गावची शेती दुसऱ्याकडून कसून घेणाऱ्या कुटुंबांकडे. शंकर नगर, चौबे कॉलनी अशा वस्त्यांमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हा विषय म्हणूनच जवळचा आहे.

खासगी जमिनीवर झाडे लावण्याचे आणि गावाच्या उपयोगाची वने तयार करण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात आणि छत्तीसगडात चाळीसेक वर्षे चालू आहेत. त्यांकडे एकत्र पाहिले, तर यश आणि अपयश दोन्ही बहुतेक वेळा चार प्रश्नांपाशी येऊन थांबतात. जमीन कोणाची? झाड कोणाचे? गवत आणि सरपण कोणाचे? झाड मोठे होईपर्यंतच्या वर्षांचा भार कोणी सोसायचा? पहिला खड्डा खणण्याआधी या चारही प्रश्नांची उत्तरे ठरली, तिथे झाडे उभी राहिली. जिथे ती गृहीत धरली गेली, तिथे रोपे तरी मेली किंवा वाढलेल्या झाडांवरून भांडणे तरी लागली.

मालगुजाराचे जंगल, गावाचा निस्तार

विदर्भ आणि छत्तीसगड यांचा महसुली इतिहास बराच काळ एकच होता. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यानंतर हा मुलूख १८६१ साली स्थापन झालेल्या मध्य प्रांतात आला. त्यानंतरच्या बंदोबस्तात मालगुजारांना गावाची मालकी मिळाली. सरकारने राखीव जंगले वेगळी काढली आणि गावाच्या शिवेतले उरलेले जंगल, पडीक आणि तलाव मालगुजाराच्या नावे झाले. मात्र त्या मालकीला मर्यादा होती. जळाऊ लाकूड, घराला आणि नांगराला लागणारे लाकूड, गुरांची चराई हे रयतेचे निस्तार हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये, म्हणजे गावाच्या रूढी-हक्कांच्या नोंदीत, लिहिलेले असत. मालगुजारीत जुलूम होता आणि वेठबिगारही होती. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही जमीन एकाच्या नावावर आणि तिच्यावरच्या जंगलात साऱ्या गावाचा लेखी हक्क, ही रचना या मातीला परकी नाही, एवढे त्यातून कळते.

३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. जमीन हातातून जाणार हे दिसू लागताच अनेकांनी जंगले तोडून विकली. उरलेले जंगल सरकारजमा झाले. निस्तार हक्क मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेतही ‘निस्तार पत्रका’च्या रूपाने टिकले, पण जंगल राखण्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर हरवले. जुना मालक गेला आणि गाव मालक झाले नाही. महसुली कागदांत ‘बडे झाड का जंगल’, ‘छोटे झाड का जंगल’ अशा नोंदी तेवढ्या राहिल्या.

१९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, तेव्हा अशाच नोंदी ‘झुडपी जंगल’ या नावाने सोबत आल्या. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांमधल्या ८६ हजार हेक्टरांहून अधिक झुडपी जंगलाचे नेमके काय, हा वाद दशकानुदशके चालला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन कायद्याने वनच आहे, असा निर्णय दिला. जमीन शोधणाऱ्यांनी यातून घ्यायचा धडा साधा आहे. नुसत्या डोळ्यांना मोकळी दिसणारी जमीन कायद्याने वन असू शकते, चराईची असू शकते, किंवा तिच्यावर निस्तार हक्क असू शकतात. तलाठ्याकडचे (छत्तीसगडात पटवाऱ्याकडचे) कागद पाहिल्याशिवाय रोपवाटिकेकडे जाऊ नये.

धान आणि झाड यांचा हिशेब

शेतकरी झाडाच्या विरोधात नसतो. मधल्या वर्षांत घर कसे चालवायचे, हा त्याचा प्रश्न असतो. छत्तीसगडातल्या अलीकडच्या योजनांवरून हे स्पष्ट दिसते. जून २०२१ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री वृक्षारोपण प्रोत्साहन योजनेत धानाऐवजी झाडे लावणाऱ्याला एकरी १०,००० रुपये, सलग तीन वर्षे, देण्याचे ठरले. ग्रामपंचायती आणि संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनाही योजनेत स्थान होते, हे तिचे वैशिष्ट्य. पण त्याच हंगामात धान लावणाऱ्याला राज्याकडून एकरी ९,००० रुपये मदत मिळत होती आणि हमीभावाने धान विकून आलेले पैसे वेगळे. म्हणजे सरकारी मदतीतला फरक एकरी १,००० रुपयांचा होता. पुढे धान खरेदी एकरी २१ क्विंटलपर्यंत आणि ३,१०० रुपये क्विंटल या दराने होऊ लागली. एकरी ६५,१०० रुपयांची ढोबळ प्राप्ती आणि तीही दर वर्षी, खात्रीने. लागवडीचा खर्च वजा केला तरी दहा हजारांच्या अनुदानाला तिच्याशी बरोबरी करता येत नाही. चांगल्या धानाच्या जमिनीवर झाडे लावा, असे शेतकऱ्याला सांगणे या परिस्थितीत व्यवहाराला धरून नाही.

२१ मार्च २०२३ पासूनच्या मुख्यमंत्री वृक्ष संपदा योजनेत पाच एकरांपर्यंत, ५,००० रोपांच्या मर्यादेत, पूर्ण अनुदान आणि त्यापुढे निम्मे अनुदान ठेवले गेले. क्लोनल निलगिरी, टिश्यू कल्चर सागवान आणि बांबू, मलबार नीम, चंदन या झाडांवर भर होता आणि खरेदीसाठी कंपन्यांशी करार करण्याची कल्पना होती. शेतकऱ्याला उत्पन्न मिळावे, हा हेतू योग्यच आहे. मात्र पाच वर्षांत तोडायची एकाच जातीची लागवड हे शेताचे पीक झाले. गावाला सावली, गवत, मोह, चारोळी आणि पाखरे देणारे वन त्यातून होत नाही. दोन्ही गोष्टींना जागा आहे, पण एकीचा आकडा दुसरीच्या नावावर मांडू नये.

निलगिरीचा अनुभव महाराष्ट्राने आधीच घेतला आहे. राज्यात १९८२ मध्ये सामाजिक वनीकरणाचा विभाग सुरू झाला. त्याच दशकात निफाड-नाशिक भागात विनायकराव पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी निलगिरीची सहकारी चळवळ उभी केली. शेतकरी संघटित झाला, तर स्वतः झाडे लावतो, हे त्या चळवळीने दाखवले. पण ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस देशात ठिकठिकाणी माल एकदम बाजारात आला, भाव पडले आणि अनेकांनी पुन्हा उसाकडे, गव्हाकडे मोर्चा वळवला. सामाजिक वनीकरणाचा दुसरा धडा गायरानांवरच्या लागवडीने दिला. ही झाडे शेवटी सरकारचीच होणार, अशी शंका गावाला होती. त्यामुळे राखणीची जबाबदारी कोणी मनावर घेतली नाही.

यशस्वी योजना पाहायची, तर १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली महाराष्ट्राची फळबाग योजना पाहावी. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात खड्डे खणल्याची मजुरीही मिळाली, तीन वर्षांचा खर्च मिळाला आणि झाड निर्विवाद त्याचे राहिले. कोकणातल्या कितीतरी वरकस जमिनींवर आज आंबा-काजू उभे आहेत, ते या योजनेमुळे. २०१८ पासूनच्या भाऊसाहेब फुंडकर योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे विभागले आहे आणि पुढचे हप्ते झाडे जगण्याच्या प्रमाणाशी बांधले आहेत. रोपे लावण्याला नव्हे, रोपे जगवण्याला पैसा, ही तिची दिशा. बायफ या संस्थेने जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी भागात रुजवलेल्या ‘वाडी’चे बळही यातच आहे. एकरभर जमिनीत आंबा-काजू, मधल्या जागेत पीक आणि बांधावर जंगली झाडे. झाड फळाला येईपर्यंत कुटुंबाला त्याच जमिनीतून काहीतरी मिळत राहते.

लावलेले झाड तोडता येते का?

जमीनमालकाच्या मनातली सर्वांत खोल भीती झाड तोडण्याच्या परवानगीची आहे. कोकणात ती १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याने वाढवली. ३० ऑगस्ट १९७५ पासून खासगी वने राज्याकडे निहित झाली आणि त्यावरचे दावे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज प्रकरणात निर्णय देईपर्यंत, किंबहुना त्यानंतरही, चालू राहिले. ज्याने उतारावर झाडी राखली त्याची जमीन धोक्यात आली, आणि ज्याने साफ केली तो निर्धास्त झाला, असा अर्थ गावागावांनी त्यातून काढला. एकदा असा समज रुजला की तो दोन पिढ्या टिकतो.

बस्तरची कथा याहून कडू आहे. आदिवासींच्या खासगी शेतांतल्या सागवान-बीजासारख्या मौल्यवान झाडांची लूट नव्वदच्या दशकात ‘मालिक मकबूजा’ प्रकरण म्हणून देशभर गाजली. व्यापारी आणि काही अधिकारी यांनी संगनमत करून आदिवासींची झाडे आणि जमिनी कवडीमोलाने घेतल्या. आदिवासींच्या झाडांना संरक्षण देणारा १९५६ चा कायदा असूनही हे घडले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९९ मध्ये नवा कायदा करावा लागला. त्यामुळे तोडीचे सगळे नियम काढून टाका, हे उत्तर आदिवासी भागाला लागू पडत नाही. तिथे मालकाला लुटीपासून संरक्षण हवे आणि मैदानातल्या शेतकऱ्याला सोपी परवानगी हवी. एकच नियम दोघांना लावला की एकाचे तरी नुकसान होते.

अलीकडे दोन्ही राज्यांत लावलेल्या झाडांसाठी नियम सैल होत आहेत. २०१७ मध्ये वनक्षेत्राबाहेरचा बांबू भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. त्याआधी २०१४ मध्ये भारताने राष्ट्रीय कृषी-वनीकरण धोरण आणले. असे धोरण करणारा हा जगातला पहिला देश. पण नियमांत अजूनही एक मोठी उणीव आहे. आपोआप उगवलेल्या झाडाला लावलेल्या झाडाइतकी मोकळीक मिळत नाही. परिणामी बांधावर आलेला पळस, मोह, तेंदूचा कोंब शेतकरी लहानपणीच उपटतो, कारण तो मोठा झाला की परवानगीचा विषय होतो. निसर्ग फुकट देत असलेले जंगल आपण कायद्याने नाकारतो आणि रोपवाटिकेतले पैसे मोजून आणतो.

आफ्रिकेतल्या नायजर देशाने याच्या उलट करून दाखवले. १९८० च्या दशकात मराडी भागात ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ टोनी रिनॉडो आणि तिथल्या शेतकऱ्यांनी नवी रोपे लावण्याऐवजी शेतात जिवंत असलेल्या खुंटांचे फुटवे राखायला सुरुवात केली. शेतातले झाड सरकारचे नाही, आपले आहे, हा विश्वास आल्यावर ही पद्धत सुमारे ५० लाख हेक्टरांवर पसरली. छत्तीसगडच्या मैदानातल्या बांधांनाही हे लागू पडते.

गुरे, गवत आणि अधिया

रायपूरच्या आसपास रोपाला मारणारी दोन कारणे आहेत, उन्हाळा आणि गुरे. धान कापून झाले की शेते मोकळ्या चराईला खुली होतात आणि पुढच्या पेरणीपर्यंत गुरे कुठेही फिरतात. एका मालकाने आपल्या दोन एकरांत रोपे लावली तर त्याला साऱ्या गावाच्या गुरांशी सामना करावा लागतो. म्हणूनच मालकाशी केलेला करार एकटा पुरत नाही. गुरे सांभाळणारा राऊत, पशुपालक आणि ग्रामसभा त्यात असावी लागते. गावाने ठरवून गुरांना अडवण्याची ‘रोका-छेका’ ही प्रथा छत्तीसगडात जुनीच आहे आणि २०२० पासून सरकारनेही तिला मोहिमेचे रूप दिले. महाराष्ट्रातल्या हिवरे बाजारमध्ये सरपंच पोपटराव पवारांच्या काळात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी टिकली, कारण ती ग्रामसभेने स्वीकारली होती आणि राखलेले गवत कापून नेण्याची सोय गावाला होती. चराई बंद करताना गवताचा पर्याय दिला नाही तर रात्री कुंपण मोडते.

चर्चेत क्वचित येणारी आणखी एक बाजू आहे. शहरात राहणाऱ्या मालकाची जमीन गावात कोणी अधियाने (निम्म्या वाट्याने), कोणी रेगह्याने (ठरलेल्या खंडाने) कसत असतो. योजनेचे अनुदान नोंदणीकृत मालकाच्या खात्यात जाते. मालकाने जमीन झाडांखाली घेतली की कसणाऱ्याचे हातचे काम जाते आणि त्याला कुठेही आवाज नसतो. रायपुरात बसून ‘आपली पडीक जमीन हिरवी करू’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने आधी विचारावे, की ती खरोखर पडीक आहे का, तिच्यावर कोणाचे पोट आहे का. असेल, तर त्याच माणसाला राखणीचे काम, गवताचा हक्क आणि उत्पन्नातला वाटा लेखी द्यावा. पर्यावरणाचे काम एखाद्या भूमिहीनाची रोजी हिरावून होत असेल, तर ते चांगले काम नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

टिकलेली वने काय सांगतात

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने त्याआधी कित्येक वर्षे सर्वसहमतीने निर्णय घेण्याची सवय जोपासली होती. २०१३ मध्ये गावकऱ्यांनी महाराष्ट्र ग्रामदान अधिनियमाखाली आपल्या खासगी जमिनींची मालकीही ग्रामसभेकडे सोपवली. जमीनमालकांसोबतच्या कामाचे याहून पुढचे टोक देशात सापडणे कठीण आहे. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरला तुलनेने लहान, १९३ हेक्टर, क्षेत्र मिळाले आणि ते उजाड होते. ‘खोज’ संस्थेच्या मदतीने गावाने तिथे झाडे लावली, चराई आवरली, सीताफळ राखून विकले आणि २०१४ मध्ये त्यांना जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. छत्तीसगडात २०१९ मध्ये धमतरी जिल्ह्यातल्या जबर्रा गावाला ५,३५२ हेक्टरांवर सामूहिक वनसंसाधनाचा हक्क मिळाला. ही उदाहरणे सरकारी वनजमिनीची आहेत, पण त्यांतला नियम खासगी जमिनीलाही लागतो. हक्क आधी आला, निगा नंतर आली.

खासगी जमिनीचे थेट उदाहरण कोकणात आहे. पुण्याची एईआरएफ ही संस्था नव्वदच्या दशकापासून संगमेश्वर-देवरुख परिसरात अर्चना गोडबोले आणि जयंत सरनाईक यांच्या नेतृत्वाखाली काम करते. तिथले बहुतेक जंगल लोकांच्या मालकीचे आहे आणि लाकडाचा व्यापारी दारात येऊन पैसे मोजतो. संस्थेने मालकांशी संवर्धन करार केले, ठरलेल्या मुदतीत तोड न करण्याबद्दल मोबदला दिला आणि बेहडा-हिरडा यांसारख्या वनोपजाला प्रमाणित बाजार मिळवून दिला. धनेशाच्या ढोलीचा जुना बेहडा उभा राहिला, कारण उभा असताना त्याला किंमत मिळाली. नवे वन उभे करण्याआधी जुने राखणे स्वस्तही आहे आणि शहाणपणाचेही. छत्तीसगडातला साल वृक्ष तर रोपवाटिकेतून सहजी उभाच राहत नाही. त्याची रोपे कित्येक वर्षे वरून वाळतात आणि मुळातून पुन्हा फुटतात. उत्तर छत्तीसगडातले हसदेवसारखे जुने साल-वन तोडून दुसरीकडे तेवढ्याच हेक्टरांत रोपे लावणे ही भरपाई होऊ शकत नाही.

खासगी जमिनीवर नवे वन उभे करण्याचे उदाहरण परदेशातही आहे. इंग्लंडच्या मध्यभागात १९९० च्या दशकापासून सुमारे ५२० चौरस किलोमीटरांत ‘नॅशनल फॉरेस्ट’ उभे राहत आहे. खाणींनी उजाड झालेल्या त्या प्रदेशात झाडोरा सहा टक्क्यांवरून वीस टक्क्यांच्या पुढे गेला. बहुतेक जमीन खासगी राहिली. मालकांनी आपापला प्रस्ताव आणि खर्च मांडायचा, लोकांना फिरायला वाट किती देणार ते सांगायचे आणि त्यानुसार वर्षानुवर्षे मदत घ्यायची, अशी ती पद्धत. सरकारे बदलली तरी काम एकाच संस्थेकडे राहिले. आपल्याकडे २०१६ ला दोन कोटी, २०१७ ला चार, २०१८ ला तेरा आणि २०१९ ला तेहतीस कोटी रोपे अशा चढत्या संख्यांनी महाराष्ट्रात उत्साह आणला. पण तो उत्साह टिकवायला दहा वर्षे त्याच जागी राहणारी व्यवस्था लागते.

रायपूरच्या मैदानात काय करावे

छत्तीसगडचा शेतकरी जमिनीचे भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार असे प्रकार करतो. मटासी, डोरसा, कन्हार ही धानाची जमीन; ती धानालाच राहू द्यावी आणि झाडे बांधावर घ्यावीत. रायपूर भागात धानाच्या बांधात बाभूळ वाढू देण्याची जुनी रीत आहे. नांगर-गाडीला लाकूड, शेळ्यांना शेंगा, चुलीला काटक्या आणि शेताला नत्र असा तिचा उपयोग शेतकऱ्यांना माहीत आहे, आणि कृषी-वनीकरणाच्या अभ्यासकांनीही या पद्धतीची नोंद घेतली आहे. सलग वनासाठी खडकाळ, मुरमाड भाठा योग्य. तिथे पळस, कुसुम, चार (चारोळी), मोह, शिवण, करंज, ऐन आणि ओढ्याकाठी अर्जुन अशी मिश्र झाडी लावावी. कुसुम आणि पळसावर लाख येते, अर्जुन-ऐनावर कोसा होतो. म्हणजे लाकूड न तोडता उत्पन्न मिळते. मात्र भाठा हीच अनेकदा गावाची चराई असते, हे विसरू नये. तिचा एक भाग गवतासाठी मोकळा राहिलाच पाहिजे.

करार मालक, ग्रामसभा आणि पैसे देणारा या तिघांत व्हावा. त्याची मुदत किमान दहा वर्षे असावी. मालकी बदलत नाही, हे पहिल्याच कलमात लिहावे. कोणते झाड कधी आणि कोणी तोडायचे, हे लावतानाच नोंदवावे. गवत आणि पडलेले सरपण गावाचे, वनोपजाचा वाटा मालक आणि राखणदार यांचा, असे प्रमाण ठरवावे. निधी रोपांवर न देता तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी जिवंत असलेल्या झाडांवर द्यावा. कार्बन क्रेडिटचे प्रस्ताव आता गावांपर्यंत येऊ लागले आहेत; वीस-तीस वर्षांच्या अशा करारावर सही करण्याआधी तो मराठीत किंवा छत्तीसगढीत ग्रामसभेपुढे वाचला गेलाच पाहिजे.

रायपुरातल्या मराठी कुटुंबांची यात खास भूमिका आहे. त्यांना शेतीचे कागद वाचता येतात, कार्यालयांचे दरवाजे माहीत आहेत आणि विदर्भातल्या गावांचे अनुभव त्यांच्या भाषेत उपलब्ध आहेत. आपल्या गावच्या जमिनीचा भाठा, कसणाऱ्याच्या आणि ग्रामसभेच्या संमतीने, दहा वर्षांसाठी वनाखाली देणारी थोडी कुटुंबे पुढे आली तर बाकीच्यांना पाहायला नमुना मिळेल. दर जुलैला लावलेल्या रोपांची संख्या आपण मोजतोच. त्याबरोबर झालेल्या करारांची आणि चौथा उन्हाळा पार केलेल्या झाडांचीही मोजणी सुरू करू. शासनाने, संस्थांनी आणि जमीनमालकांनी हीच मोजणी मानली, तर या मैदानात गाववने उभी राहणे अवघड नाही.